घरच्या सॉकेटवर प्लग-इन हायब्रिड चार्ज होत नाही? गाडीआधी भिंत तपासा

घरच्या पॉवर पॉइंटवर प्लग-इन हायब्रिड (पेट्रोलसोबत बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असलेली) गाडी लावली की पुढच्यापैकी काहीतरी होतं:

– गन (चार्जिंग केबलचं गाडीत बसणारं टोक) गाडीत नीट बसलेली असते, पण चार्जरच्या डबीवर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही.
– सुरू होतं, पण अर्ध्या-एक तासाने किंवा मध्यरात्री कधीतरी थांबतं. सकाळी बॅटरी अर्धीच.
– एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा) पडतो. पावसाळ्यात जास्त.
– थ्री-पिन टॉप हात ठेवता येणार नाही इतका तापतो, सॉकेट तपकिरी पडतं, जवळ गेलं की मासळीसारखा जळका वास येतो.
– एप्रिल-मेमध्ये चार्जर रोज अर्थिंगची तक्रार करतो आणि दोन चांगले पाऊस पडले की आपोआप सुधारतो.
– एरवी चालतं, पण लाइट जाऊन सोसायटीचा जनरेटर सुरू झाला की बंद पडतं.
– बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवरची गन गाडीत बसतच नाही.

सोसायट्यांमधली वायरिंगची कामं करताना या तक्रारी माझ्याकडे सारख्या येतात. मालक बहुधा आधी सर्व्हिस सेंटरला जाऊन आलेला असतो. तिथे गाडी व्यवस्थित चार्ज होते, घरी आणली की पुन्हा तेच. कारण बिघाड बहुतेक वेळा गाडीत नसतोच, तो सॉकेटच्या मागे असतो. "याच सॉकेटवर दहा वर्षं गीझर चालला, मग गाडीलाच काय झालं?" असं लोक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. गीझर अर्थिंग आहे की नाही हे बघत नाही. चार्जर बघतो, आणि नसेल तर वीज सोडत नाही. शिवाय गीझर पंधरा-वीस मिनिटं चालून बंद होतो; गाडी तेवढाच करंट आठ-आठ तास सलग ओढते.

खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चिक कामापर्यंत लावला आहे. मधली पायरी गाळू नका.

गाडी आणि गन एकमेकांच्या आहेत का?

आधी एक गैरसमज दूर करतो. इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा यांसारख्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांना चार्जिंगचं तोंडच नसतं. त्यांची बॅटरी इंजिन आणि ब्रेकिंगवरच भरते. व्होल्वो एक्ससी९० टी८ किंवा बीएमडब्ल्यू एक्सएम या प्लग-इन हायब्रिड. त्यांना बाहेरून वीज देता येते.

भारतात विकल्या जाणाऱ्या अशा गाड्यांना साधारणपणे टाइप २ तोंड असतं: गोल, वरून किंचित सपाट, आत सात पिना. तीन फेज, एक न्यूट्रल, मधोमध अर्थ, आणि वर दोन बारीक पिना संकेतांच्या. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरची गन सीसीएस२ असते. तिच्या खालच्या बाजूला डीसीच्या, म्हणजे थेट बॅटरीत जाणाऱ्या विजेच्या, दोन जाड पिना असतात आणि बहुतेक प्लग-इन हायब्रिडच्या तोंडात त्यांना जागाच नसते. त्यामुळे ती गन बसत नाही, हा बिघाड नाही. अशा गाडीला एसी, म्हणजे घरच्यासारखी वीज देणारा चार्जरच लागतो. सीसीएस२ गनमधून टाइप २ तोंडात वीज आणून देतो असं सांगून कोणी अडॅप्टर विकत असेल तर घेऊ नका. डीसी घेण्याची सोय गाडीच्या आतच नाही, बाहेरचा तुकडा ती निर्माण करू शकत नाही.

एसी चार्जरमध्येही दोन तऱ्हा आहेत. काहींना केबल आणि गन जोडलेली असते, काहींवर नुसतं टाइप २ सॉकेट असतं. दुसऱ्या प्रकाराला दोन्ही टोकांना टाइप २ असलेली स्वतःची केबल डिकीत हवी. ‘भारत एसी’ या भारतीय मानकाच्या काही जुन्या चार्जरवर निळं तीन पिनांचं इंडस्ट्रियल सॉकेट असतं. तिथे गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर आणि योग्य टॉप लागतो. आणि २२ किलोवॅटच्या चार्जरला लावली म्हणून गाडी २२ ने भरत नाही. आतला ऑन-बोर्ड चार्जर ३.७ किंवा ७.४ किलोवॅटचा असेल तर तेवढंच घेणार.

परदेशात राहणाऱ्यांसाठी: अमेरिकेत टाइप १ चं पाच पिनांचं तोंड वर्षानुवर्षं चालत आलं आहे, आता नव्या गाड्यांवर टेस्लाच्या रचनेचं तोंड येऊ लागलं आहे. इंग्लंडमध्ये जुनी आउटलँडर प्लग-इन घेतली असेल तर गाडीचं तोंड टाइप १ आणि रस्त्यावरचं सॉकेट टाइप २, म्हणजे केबल त्या दोन टोकांची हवी.

गाडीतली सेटिंग्ज

यात पैसे जात नाहीत, आणि कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. चार्जिंगचं टायमर लागलेलं आहे का बघा. रात्री अकराची वेळ ठरवलेली असेल तर संध्याकाळी सातला गाडी वीज घेणार नाही. गाडी पार्किंग गिअरमध्ये आणि बंद हवी. चार्जिंगचा करंट ६ अँपिअरवर ठेवलेला असू शकतो.

मग हिशोब करा. १० अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे २.३ किलोवॅट. काही वीज उष्णतेत जाते, बॅटरीत धरा दोन. बॅटरी वीस किलोवॅट-अवरची असेल तर पूर्ण भरायला दहा तास. रात्री अकराला लावून सकाळी सातला काढली तर ती अपुरीच असणार. ६ अँपिअरवर तर जवळपास सोळा-सतरा तास लागतील.

करंट कमी करून बघा

माझ्या मते सगळ्यात उपयोगी चाचणी हीच, आणि ती घरबसल्या होते. गाडीतून किंवा चार्जरच्या डबीवरून करंट ६ किंवा ८ अँपिअरवर आणा आणि एक रात्र ठेवा.

कमी करंटवर रात्रभर बिनतक्रार चाललं, तर दोष तापण्याचा किंवा व्होल्टेज पडण्याचा आहे: ढिलं सॉकेट, बारीक वायर, सैल स्क्रू. कमी करंटवरही चार्जर पहिल्याच मिनिटाला नकार देत असेल, तर संशय अर्थिंगवर, गनवर किंवा गाडीवर. पुढची अर्धी मेहनत इथेच वाचते.

दुसऱ्या ठिकाणी लावा

गाडी जवळच्या कुठल्याही एसी टाइप २ चार्जरवर पंधरा मिनिटं लावून बघा. तिथे चार्ज झाली तर गाडीचं तोंड, आतला चार्जर, बॅटरी सगळं ठीक. मग तुमचा पोर्टेबल चार्जर मित्राच्या घरी, अर्थिंग चांगलं असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा. तिथेही चालला तर चार्जरही निर्दोष, आणि उरतं तुमचं सॉकेट. दोन्हीकडे नकार आला तर गाडी सर्व्हिस सेंटरला न्या, वायरमनवर पैसे घालवू नका.

ही चाचणी एक्स्टेंशन बोर्डवर करू नका. त्या बोर्डाची वायर इतक्या सलग करंटसाठी नसते. गुंडाळी न सोडता वापरला तर आतल्या आत वितळतो.

टॉप, पिना आणि अडॅप्टर

आयात गाड्यांसोबत पुष्कळदा जर्मन पद्धतीचा गोल दोन-पिनी टॉप असलेला पोर्टेबल चार्जर मिळतो. त्याचं अर्थिंग पिनेत नसतं, टॉपच्या दोन्ही बाजूंना असलेल्या धातूच्या पट्ट्यांत असतं. लोक प्रवासात वापरतो तो युनिव्हर्सल अडॅप्टर आणतात. त्यात पिना बसतात, दिवा लागतो, पण बाजूच्या पट्ट्यांना स्पर्श करणारं आत काहीच नसतं. म्हणजे भिंतीत उत्तम अर्थिंग असूनही चार्जरपर्यंत पोचतच नाही. यावर उपाय अडॅप्टर बदलणं हा नाही. गाडीच्या कंपनीकडून भारतीय १६ अँपिअर टॉप असलेली केबल मागा. १६ चा टॉप ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसवणारी कन्व्हर्जन पिनही इथे चालणार नाही.

सॉकेटसुद्धा बघा. लहान-मोठे दोन्ही टॉप बसणारं, सहा भोकांचं सॉकेट असेल तर त्यातल्या पितळी पकडी लवकर सैल होतात. टॉप हाताने सहज हलत असेल तर सॉकेट गेलं समजा. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने बंद करा, टॉप काढा आणि पिनांच्या बुडाशी प्लॅस्टिकला हात लावा. कोमट चालेल. चटका बसला तर त्या रात्रीपासून तिथे चार्जिंग बंद.

तापण्याचं गणित सांगतो, म्हणजे याचं गांभीर्य कळेल. सैल पकडीत ०.१ ओहम जरी अडथळा असला तरी १४ अँपिअरला तिथे जवळपास २० वॉट उष्णता तयार होते. म्हणजे एक लहान सोल्डरिंग आयर्न प्लॅस्टिकच्या डबीत रात्रभर चालू ठेवल्यासारखं. तापलं की पकडीतला ताण जातो, पकड आणखी सैल होते, अडथळा वाढतो आणि जास्त तापतं. हे आपोआप कधीच सुधारत नाही.

गन आणि गाडीचं तोंड

भिंतीवरचं स्विच बंद करून, गन काढून, दोन्हीकडे टॉर्चने बघा. टाइप २ मध्ये संकेतांच्या दोन पिना बाकीच्यांपेक्षा आखूड ठेवलेल्या असतात. गन बसवताना त्या सगळ्यात शेवटी जुळतात आणि काढताना सगळ्यात आधी सुटतात, म्हणजे करंट चालू असताना मोठ्या पिना वेगळ्या होत नाहीत. याच कारणाने गन दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहिली, तोंडात माती-पान अडकलं, की मोठ्या पिना जोडलेल्या असूनही चार्जिंग सुरू होत नाही. बऱ्याच वेळा गन घट्ट दाबून कुलूप लागल्याचा आवाज ऐकणं एवढंच पुरतं.

संकेतांच्या त्या दोनपैकी एका पिनेवरून चार्जर आणि गाडी बोलतात. चार्जर १२ व्होल्टचा संकेत देतो. गाडी जोडली की तो ९ वर येतो, गाडी वीज घ्यायला तयार झाली की ६ वर. ६ दिसेपर्यंत चार्जर आतला रिले, म्हणजे वीज सोडणारा स्विच, जोडतच नाही. पिनेवर ओल किंवा हिरवट थर आला की हे आकडे बिघडतात आणि दोघंही गप्प बसतात. कोकणात, समुद्राजवळ, हा हिरवा थर फार लवकर येतो.

ओल असेल तर कोरड्या कापडाने बाहेरून पुसून, वाऱ्यावर सुकू द्या. तेल, ग्रीस, पॉलिश पेपर काही लावू नका, पिनांवरचा मुलामा निघाला की त्या आणखी लवकर खराब होतात. थर चढलेला असेल तर गन बदलायची वेळ आली आहे. पुढे टोपी लावत जा आणि गन जमिनीवर पडू देऊ नका.

गन अडकली असेल तर ओढू नका. गाडी अनलॉक करा, दोन मिनिटं थांबा. बऱ्याच गाड्यांत हाताने सोडवण्याची दोरी डिकीच्या बाजूला असते, मॅन्युअलमध्ये जागा दिलेली असते.

अर्थिंग

इथून पुढचं काम परवानाधारक वायरमनचं. पण काय तपासायचं हे मालकाला ठाऊक असलं तर फसवणूक होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मीटरवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तितकंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. फेज-न्यूट्रल उलटे असले तरी काही चार्जर नकार देतात, आणि ते बरोबरच करतात.

पण नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका. अर्थची वायर कुठेतरी तुटून लोंबत असली, तरी शेजारच्या फेजमुळे मीटर खोटं व्होल्टेज दाखवू शकतो. थोडा भार टाकला की ते कोसळतं. म्हणून जाणकार वायरमन लूप टेस्टर (अर्थच्या मार्गातला अडथळा मोजणारं यंत्र) लावतो, किंवा निदान फेज-अर्थमध्ये शंभर वॉटचा जुना दिवा लावून बघतो. दिवा पूर्ण पेटला, किंवा आरसीसीबी लगेच पडला, तर मार्ग शाबूत आहे. ही दिव्याची चाचणी घरी स्वतः करू नका. अर्थ तुटलेला असेल तर त्या क्षणी त्याच वायरवरच्या फ्रिज-वॉशिंग मशीनच्या बॉडीत करंट येतो.

जुन्या इमारतींच्या पार्किंगमध्ये दिव्यांच्या बोर्डावरून ओढलेल्या सॉकेटला अर्थची वायर अनेकदा नेलेलीच नसते, किंवा कंड्युटच्या लोखंडी पाइपला पिळा मारून सोडलेली असते. आणि जिथे ती जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोचते तिथे खड्डा सुकलेला असतो. आपल्या भागातला मुरूम आणि काळा कातळ वीज सहज वाहू देत नाही. कोळसा-मीठ घातलेल्या जुन्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घातलं नाही तर त्याचा अडथळा वाढत जातो. मेमध्ये रोज रडणारा चार्जर जूनमध्ये सुधारतो तो यामुळे. सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पाइपात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घालून पाहा. फरक पडला तर निदान पक्कं झालं, आणि नवा खड्डा किंवा केमिकल अर्थिंग करून घ्यायचं कारण कमिटीला दाखवता येईल.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते. अर्थ मिळत नाही म्हटल्यावर काही जण टॉपमध्येच न्यूट्रल आणि अर्थची पिन तारेच्या तुकड्याने जोडून देतात. त्याचे तयार अडॅप्टरही मिळतात. चार्जर फसतो, दिवा हिरवा होतो, मालक खूश. कृपा करून हे करू नका आणि कोणी करून दिलं असेल तर आजच काढा.

यात गाडीचा पत्रा थेट न्यूट्रलला जोडला जातो. मागे कुठेतरी न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन सुटला की त्याच लाइनवरच्या दुसऱ्या उपकरणातून आलेली फेज गाडीच्या दारावर येऊन बसते. कोणी वायरमनने बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे केले तर पूर्ण २३० व्होल्ट सरळ पत्र्यावर. आणि चार्जरमध्ये गळती झाली तर ती गळती न्यूट्रलमधूनच परत जाते. आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट तोलून बघतो. दोन्ही सारखे दिसले की तो पडत नाही. म्हणजे एका तारेच्या तुकड्याने अर्थिंगही गेलं आणि आरसीसीबीही आंधळा झाला. गाडी रबरी टायरवर उभी असते, तो करंट जमिनीत जायला पहिला मार्ग मिळतो तो ओल्या पार्किंगमध्ये अनवाणी येऊन दाराला हात लावणाऱ्या माणसाचा.

चार्जर नकार देतो तेव्हा तो बिघडलेला नसतो. तो हेच टाळत असतो.

जनरेटरवर बंद पडणं हा याचाच भाऊ आहे. अनेक जनरेटरचं आणि घरच्या इन्व्हर्टरचं न्यूट्रल अर्थला जोडलेलं नसतं, त्यामुळे चार्जरला अर्थ सापडत नाही. लाइट येईपर्यंत थांबा, प्लग-इन हायब्रिडमध्ये पेट्रोल असतंच.

एमसीबी, आरसीसीबी आणि वायर

तास-दोन तासांनी एमसीबी पडत असेल आणि हाताला गरम लागत असेल तर तो आपलं काम करतो आहे. १६ काढून ३२ चा लावायला सांगू नका. मग वायर तापेल आणि तिला वाचवणारं कोणी उरणार नाही. करंट १० वर आणा, किंवा वायर बदला. पार्किंग मीटरपासून चाळीस मीटर लांब असेल आणि वायर १.५ स्क्वेअर एमएमची असेल तर १४ अँपिअरला तेरा-चौदा व्होल्ट वायरीतच जातात. मूळ व्होल्टेज आधीच कमी असेल तर चार्जर थांबणारच. ४ स्क्वेअर एमएममध्ये हेच नुकसान पाच व्होल्टच्या आसपास येतं.

आरसीसीबी पडत असेल तर आधी चार्जर काढून बघा. तरीही पडला तर गळती घरात आहे. फक्त गाडी लावल्यावर पडत असेल तर गन-केबलमधली ओल तपासा. आरसीसीबीच्या तोंडावर नुसती नागमोडी रेषा असेल तर तो एसी प्रकारचा. गाडीसाठी किमान ए प्रकार हवा. त्याच्या चिन्हात त्या रेषेखाली अर्ध्या तरंगांची आणखी एक ओळ असते. गाडीच्या चार्जरमधून थोडी डीसी गळती होऊ शकते आणि एसी प्रकार तिच्यामुळे सुन्न पडतो.

इथे थांबा

सॉकेट किंवा टॉप जळलेला, वितळलेला दिसला तर मेन बंद करा आणि वायरमन बोलवा. नुसतं सॉकेट बदलून भागत नाही, मागची काही इंच वायरही कडक होऊन गेलेली असते. गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिणलं, अगदी किंचितही, तर स्विच बंद होईपर्यंत कोणालाही जवळ जाऊ देऊ नका. पोर्टेबल चार्जरची डबी उघडू नका. बॉनेटखाली किंवा गाडीखाली नारिंगी केबल दिसली की ते उच्च व्होल्टेज. तिथे मीही हात घालत नाही, ते कंपनीच्या प्रशिक्षित माणसाचं काम. गाडी किंवा चार्जर पुराच्या पाण्यात बुडाला असेल तर सुकल्यावरही लावून बघू नका.

वायरमन बोलावलात की त्याला हे सांगा: मीटरपासून फक्त गाडीसाठी वेगळी लाइन, ४ स्क्वेअर एमएम तांबं, सोबत अर्थची स्वतंत्र वायर, ए प्रकारचा ३० मिलिअँपिअर आरसीसीबी, वेगळा एमसीबी, आणि शेवटी साध्या सॉकेटऐवजी झाकणाचं इंडस्ट्रियल सॉकेट, त्याला जुळणाऱ्या टॉपसह. काम झालं की त्याच्यासमोर गाडी अर्धा तास पूर्ण करंटवर चार्ज करा, टॉपला हात लावून बघा, आणि अर्थ टेस्टरचा आकडा कागदावर लिहून घ्या. महिन्याभराने सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्यायला त्यालाच बोलवा. तापून-गार होऊन ते पहिल्या काही आठवड्यांतच सैल होतात.